बाबांना कामाला लावणाऱ्या मिस्त्रींना

प्रिय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू द्या ओ ताई’ म्हणता आणि लगेच सिमेंटच्या भावावर येता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच विषय बदलता येणार नाही.

तुम्हाला बोलावलं होतं ते आईच्या गुडघ्यांसाठी. दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशननंतर उकिडवं बसणं कायमचं बंद. आमची कोथरूडची सोसायटी ऐंशीच्या दशकातली. एकच संडास, तोही भारतीय पद्धतीचा. बाथरूमचं दार दोन फुटांचं आणि उंबरा असा, की धडधाकट माणसानेही ठेचकाळावं. आई घरी यायच्या आत कमोड बसवा, फरशी बदला, एवढंच आपलं बोलणं झालं होतं.

तुम्ही आलात आणि टेप काढायच्या आधी विचारलंत, ‘काकूंचा वॉकर कुठाय?’ वॉकर तेव्हा घरात आलाही नव्हता. ‘आधी तो भाड्याने आणा, मग मी माप घेतो.’ आणला, आणि तो दारातून जाईना. हे ऑपरेशननंतर कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं, याचा विचार मी अजूनही करत नाही. तुम्ही भिंत ठोकून पाहिलीत, ‘चार इंची आहे, कॉलम-बीमला हात लागत नाही’ म्हणालात आणि दार अडीच फुटांचं झालं. ते बाहेर उघडणारं केलंत, कारण आत कुणी दाराला लागून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. स्टीलचे दांडे नुसत्या टाइलवर स्क्रूने लावायला तुम्ही साफ नकार दिलात. आरपार बोल्ट, पलीकडून पट्टी. उंची कॅटलॉगमधून घेतली नाहीत; आईला खुर्चीवर बसवलंत आणि तिच्या कोपराशी खडूची खूण केलीत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा. इंटिरियरवाल्या दोघांनी आम्हाला आधी नुसत्या फरशीच्या शेड दाखवल्या होत्या.

पण हे काम झालं. त्याचे पैसेही तुम्ही घेतलेत. आभार आहेत ते बाबांसाठी.

बाबांना पार्किन्सन्स आहे हे तुम्हाला आम्ही सांगितलं ते जरा चाचरतच. कामगारांच्या पायात येतील, सारखे प्रश्न विचारतील, म्हणून. बाबा पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे टाटांच्या मोटार कारखान्यात, वेल्ड शॉपला होते. आयुष्यभर दोन पत्र्यांमधली फट मिलिमीटरमध्ये मोजलेला माणूस. निवृत्तीनंतर आजार आला आणि हळूहळू घरातलं सगळं आम्हीच ठरवायला लागलो. त्यांचा आवाज बारीक झालाय, अक्षर मुंगीएवढं झालंय, चेहरा हलत नाही. ही सगळी त्या आजाराचीच लक्षणं. पण समोरच्याला वाटतं, यांना काही म्हणायचंच नाही. मग तो आमच्याकडे बघून बोलतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. बाबा समोर असताना लोक मला विचारतात, ‘बाबांना साखर चालते ना?’

तुमच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बाबा बाथरूमच्या दाराशी येऊन काहीतरी बोलले. कटर चालू होता. तुम्ही कटर बंद केलात, पोरालाही हातोडी थांबवायला लावलीत आणि म्हणालात, ‘बोला काका.’ बाबा म्हणाले, ‘ढाळ उलटा पडतोय.’ तुम्ही पाण्याची नळी लावून पाहिलीत. कोपऱ्यात खरंच पडत होता. ‘काढ रे ती लाइन,’ एवढंच म्हणालात. त्या दिवसापासून बाबा बोलले की मशीन बंद, हा तुमच्याकडे कायदाच झाला.

मग तुम्ही त्यांना रीतसर कामालाच लावलंत. संध्याकाळी हत्यारं धुवायच्या आधी ‘काका, इन्स्पेक्शन’ अशी हाक यायची. बाबांनी माळ्यावरच्या पेटीतून फीलर गेज काढायला लावला. पत्र्याच्या त्या पट्ट्या घालून ते फरशीचे सांधे तपासायचे आणि खडूने फुल्या मारायचे. तुमचा फरशीवाला पहिल्यांदा हसला होता. बाबांनी फुली मारलेल्या दोन टाइल तुम्ही खरोखर उचकटल्यात, तेव्हा तो हसायचा थांबला. (राडारोडा उचलणाऱ्याने त्यावरून जास्त पैसे मागितले, ते तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. मला कळलंय.) बाबांनी कागदावर लिहिलेली मापं आम्हाला भिंगातून वाचावी लागतात. तुम्ही कागद डोळ्यांशी धरून मोठ्याने वाचायचात, चुकलं तर ते दुरुस्त करायचे. ‘लिहिलंय काय हे’ असं तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही.

गोळीचं गणितही तुम्ही आपलं आपणच शिकलात. गोळीचा अंमल असेपर्यंत बाबा चालते-बोलते, तो उतरला की पाय जमिनीला चिकटतात. कमोड कुठल्या बाजूला, नळ कोणता, असे सगळे प्रश्न तुम्ही सकाळी अकराच्या सुमाराला राखून ठेवायचात. ‘आत्ता काकांची गाडी टॉपला आहे, आत्ताच विचारून घेऊ.’ असं कुणी बोललं तर आईला राग येतो. तुमचा आला नाही.

दुपारी एक ते चार तोडफोड बंद, ही आमच्या सोसायटीची पाटी. तुमची माणसं जिन्यात आडवी व्हायची आणि तुम्ही डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये, बाबांच्या इंडिकात. ही गाडी म्हणजे आमच्या घरातला जुना वाद. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग केलं, पाच वर्षांनी पुन्हा केलं, पर्यावरण कर भरला, नवी नंबरप्लेट लावली. आणि चालवत कोणीच नाही. बाबांनी स्टिअरिंग स्वतःहून सोडलं. ब्रेकवर पाय पोचायला उशीर होतोय हे त्यांचं त्यांनाच जाणवलं होतं. दादा म्हणतो भंगारात द्या. बाबा काही म्हणत नाहीत, म्हणजे नाही म्हणतात.

त्या गाडीत बसून बाबा तुम्हाला काय काय सांगायचे ते तुमच्या पोराकडून कळलं. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रसामग्री उचलून आणून इंडिकाची लाइन उभी केली, ती हकीकत. 1998 साली गाडी लोकांसमोर आली तेव्हाच्या आठवणी. सुरुवातीला तक्रारी आल्या, मग सुधारून व्ही-टू काढली, ते. आम्ही हे इतक्यांदा ऐकलंय की बाबांनी सुरुवात केली की आमचे डोळे मोबाइलकडे जातात. तुम्ही मात्र त्यांना उलट विचारलंत, ‘मग काका, माझ्या ओम्नीचं सरकतं दार अडकतं ते का?’ बाबांनी तुम्हाला ते तीनदा उघडून लावायला सांगितलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘खालचा रोलर गेलाय.’ तोच गेला होता.

तुम्हीच वर येऊन आईला म्हणालात, ‘काकू, स्टिअरिंग धरल्यावर काकांचा हात हलत नाही हो.’ डॉक्टरांनी नंतर सांगितलं, यात नवल नाही. ही थरथर बहुधा हात रिकामा असताना दिसते, हाताला काम मिळालं की कमी होते. आम्हाला मात्र ते तुमच्याकडून कळलं.

पट्ट्यांचं सांगितलं नाही तर पत्र अर्धंच राहील. बाबा दाराशी आले की थबकतात. पुढे जायचं असतं, पाऊल उचलत नाही. पार्किन्सन्समध्ये अरुंद जागा, दारं, वळणं इथे हे होतं. जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या की त्या ओलांडायला पाऊल उचललं जातं, म्हणून फिजिओथेरपिस्टने रंगीत टेप चिकटवायला सांगितली होती. ती पुसताना निघायची, आणि आईला तो प्रकार घरात दवाखाना आणल्यासारखा वाटायचा. उंबरे काढून फरशी सपाट केलीत तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘या टेपा कशाच्या?’ सगळं ऐकून घेतलंत. मग बाबांना पॅसेजमधून चालवलंत, त्यांच्या पावलांमागे खडू ओढत गेलात आणि त्या अंतराने काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या फरशीत बसवल्यात, फरशीच्या पातळीत, पॉलिश न केलेल्या. ‘हे लेन मार्किंग, काका. लेन सोडायची नाही.’ बाबा त्यावर हसले. चेहऱ्यावर फारसं दिसत नाही आता, पण खांदे हलले.

बाबा अजूनही काही वेळा थबकतात. आजार काही फरशीने जात नाही. पण पूर्वी आम्ही दोघी-तिघी मिळून ‘चला, चला’ करायचो, आता ते खाली बघतात आणि आपलं आपण निघतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, डिझाइनच आहे.

त्या पट्ट्यांचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत. विचारलं तर ‘उरलेला माल होता’ म्हणालात. ग्रॅनाइट आमच्याकडे कुठेच वापरलेलं नाही, मिस्त्री. उरेल कुठून?

आता कामाचं. गच्चीची फरशी उखडलीय आणि बाबांनी नकाशा काढून ठेवलाय, मुंगीच्या अक्षरात. आईच्या मते त्यांना काम हवं म्हणून फरशी उखडलीय. शिवाय नहाणी ट्रॅपजवळच्या टाइलवर पाणी थांबतं म्हणून तिच्यावर परवा फुली पडलीय. मला काही तिथे पाणी दिसत नाही, पण इन्स्पेक्शन माझ्याकडे नाही. सवडीने या, पण सकाळी अकराच्या सुमाराला या. ओम्नी आणलीत तर बाबा डाव्या बाजूचं दारही ऐकून ठेवतील म्हणतात.

आपली,
कोथरूडची ताई