मोडीत देण्याआधी ठसा घ्या

महोदय,

चांदीचा भाव चढल्यापासून घरोघरची जुनी चांदी बाहेर पडते आहे. चेपलेल्या वाट्या, तुटके पैंजण मोडीत गेले तर माझे काही म्हणणे नाही. पण त्यांत कोरीव खड्याची अंगठी असेल, तर ती काट्यावर ठेवण्याआधी पाच मिनिटे थांबा, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डब्यातली अशीच एक अंगठी मी मोडीत दिली. जाडजूड, काळवंडलेली, तळहाताच्या बाजूने झिजून पातळ झालेली. वर चवळीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा तांबूस खडा. त्यावर नुसते चरे पडलेत, असेच मला इतकी वर्षे वाटत होते. दुकानातल्या माणसाने चिमट्याने खडा उचकटला, ‘काच आहे’ म्हणाला, चांदीचे वजन करून पैसे दिले आणि खडा पुडीत बांधून परत केला. एका कडेचा टवका उडाला होता.

घरी मी कणीक मळत असताना नातीने तो खडा खेळता खेळता गोळ्यात दाबला. उचलला तर कणकेवर अक्षरे उठलेली! वर ‘लेखन’, खाली ‘सीमा’.

जुन्या मराठी कागदांत वर शिक्का आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे ‘लिखाण इथे संपले’ असे सांगणारा छोटा शिक्का असे, त्याखाली कुणी ओळ घुसडू नये म्हणून. शिवाजी महाराजांच्या पत्रांखालचे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तबच. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मी शाळेत तीस वर्षे शिकवला आणि प्रत्यक्ष मोर्तब माझ्याच घरात डब्यात पडून होते. आमच्या घरातले कोणी तरी कागद लिहून पुरा करत होते, त्याखाली हा खडा उठवत होते. त्या माणसाचे नावही आज कुणाला ठाऊक नाही.

खडा काच नव्हता, अकीक (अ‍ॅगेट) हा कठीण दगड होता. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतला अकीक भाजून लाल करतात आणि खंबायतेला घडवतात. साध्या चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. म्हणून हत्याराच्या फिरत्या टोकाला तेल आणि कुरुंद या त्याहून कठीण दगडाची पूड लावून अक्षर झिजवत न्यावे लागे, तेही उलटे. भिंगाखाली पाहिले तर काही रेघांच्या टोकाशी टोक टेकवल्याची बारीक गोल खूण दिसते. चांदी झिजली, पण अक्षराची धार तशीच आहे. मात्र अंगठीचा काळ सांगायला तिची घडण आणि कोंदणही लागते, आणि ते मी स्वतःच्या हाताने आटणीला दिले. याची रुखरुख जात नाही.

म्हणून विनंती. खड्यावर रेघा दिसल्या तर कणकेवर किंवा मऊ मेणावर ठसा घ्या, फोटो काढा. अंगठी उकळू नका, चकाकीच्या द्रावणात बुडवू नका. खड्याखाली लाख असेल तर ती सुटते. अक्षरे फारसी निघाली म्हणून ‘आपली नव्हेत’ असे समजू नका. जिजाबाईंची मुद्राही फारसीतच होती. आणि अक्षरे ठसा न घेता खड्यावरच सुलटी वाचता आली, तर ती मुद्रा नसून बहुधा ताईत असावा, तोही जपण्याजोगाच.

सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठेतल्या सराफांनी काट्याशेजारी मेणाचा एक गोळा ठेवावा आणि ठसा गिऱ्हाइकाला दाखवूनच मोड घ्यावी. भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून अशा कागदांचा अभ्यास चालतो. मंडळाने महिन्यातून एक दुपार लोकांच्या घरच्या मुद्रा वाचून द्यायला ठेवली तर फार उपकार होतील. टवका उडालेला खडा घेऊन पहिल्या दुपारी मी हजर असेन.

— एक निवृत्त शिक्षिका, नारायण पेठ, पुणे