मत जळगावात, पाळी सातपुरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचे नियम सोपे केले की मतदानाचा टक्का आपोआप वाढतो, असे अनेकदा गृहीत धरले जाते. अनुभव तसा नाही. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, मतदारयादी 50 कोटींच्या घरात गेली आणि प्रत्यक्ष मत देणारेही कोट्यवधींनी वाढले. तरी लोकसभेचा टक्का 1984 मधील सुमारे 64 वरून 62 वर उतरला. यादी वाढते त्या वेगाने मतदार केंद्रापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

निवडणूक कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने नोंदणीसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असण्याची तारीख म्हणून 1 जानेवारीसोबत एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही ग्राह्य धरली जाऊ लागली. नवमतदारांची त्यात निश्चितच सोय झाली. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत भाडेकरार संपला की खोली बदलणारा कामगार दर वेळी नमुना 8, म्हणजे मतदारयादीतील पत्ता बदलण्याचा अर्ज, भरत बसत नाही. खानदेशातून आलेले अनेक जण तर, घर, शेती आणि भाऊबंद तिकडेच असल्यामुळे, गावचे नाव मुद्दामच हलवत नाहीत, आणि त्यात गैर काहीही नाही.

अशा मतदारांसाठी खरा उपयोगी आहे तो 1996 चा बदल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, रोजंदारीवरील कामगारालाही. हा हक्क मतदाराचा आहे, कारखाना कोणत्या जिल्ह्यात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. 2024 च्या लोकसभेला जळगावात 13 मे रोजी आणि नाशिकमध्ये 20 मे रोजी मतदान झाले. अशा वेळी सूचनाफलकावर केवळ नाशिकची तारीख लागली, तर जळगावच्या मतदाराने, विशेषतः ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने, सुट्टी मागायची कोणाकडे? सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला होणारा दंड फार तर 500 रुपये. त्याचा धाक कोणाला वाटणार?

दंड वाढवणे संसदेच्या हाती आहे. तोपर्यंत जिल्हा निवडणूक यंत्रणेने आणि कामगार विभागाने मतदानापूर्वी प्रत्येक कारखान्यात सर्व टप्प्यांच्या तारखा मराठी व हिंदीत लावून घ्याव्यात, ठेकेदारांकडून बाहेरगावच्या मतदारांच्या सुट्टीचे लेखी हमीपत्र घ्यावे आणि ज्यांना नाव नाशिकला आणायचे आहे त्यांच्यासाठी पाळी सुटण्याच्या वेळी प्रवेशद्वारावरच नमुना 8 भरून घेण्याची सोय करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक