उरलेल्या आमरसाची कुल्फी

लोकमान्य नगर, इंदूर

चि. चिमूस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, अर्धा डबा श्रीखंड, चार काळी पडलेली केळी आणि इथून नेलेले पेढे फ्रिजमध्ये पडून आहेत, टाकून देऊ का? मी कुकर लावत होते, म्हणून "टाकू नकोस" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मग रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. आज दुपारी सगळं आवरून लिहायला बसले आहे.

आपल्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला-सुका वेगळा करून द्यायचा हे तुला लहानपणापासून अंगवळणी आहे. ओल्या कचऱ्याचा आता देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो. २०२२ साली तो सुरू झाला, तेव्हा रोज ५५० टनांची क्षमता होती. सोय उत्तम आहे. तरीही दुधातुपाचा पदार्थ त्या डब्यात पडताना मला वाईट वाटतंच. लिटरभर दुधाला किती वेळ उभं राहावं लागतं, ते ज्याने आटवलंय त्याला कळतं.

आधी एक पक्कं कर. उरलेलं वेगळं आणि बिघडलेलं वेगळं. दुधाची वस्तू कडक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिली असेल, तर तिचं काही करायचं नाही. फ्रिजरमध्ये ठेवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते इतकंच, बाहेर काढलं की पुन्हा सुरू. त्यामुळे पंगत उठली की लगेच ज्याला त्याला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. उद्या त्याचं काय करायचं ते उद्या ठरवता येतं.

आता श्रीखंडाचं. ते जसंच्या तसं पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजरमध्ये ठेव, बाकी काही करू नकोस. चक्का टांगला तेव्हाच त्यातलं बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून ते छान मऊ गोठतं. बर्फ होतो तो पाण्याचा. पाणी मोकळं असलं की त्याचे मोठे खडे बनतात आणि दाताखाली करकरतात. साखर आणि साय असली की खडे बारीक राहतात. एवढं ध्यानात ठेवलंस की समोर जे उरलं असेल त्याकडे बघून तुझं तुलाच सुचेल की ह्यात काय कमी आहे.

साखरेचं मी अनुभवाने शिकले. बाबांना शुगर निघाली त्या उन्हाळ्यात मी कुल्फीतली साखर निम्म्याहून कमी केली. सकाळी साचा उघडला तर आत वीट. सुरी चालेना, आणि बाबा ताटलीपुढे बसून राहिले. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाण्यात विरघळली की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही, फ्रिजरच्या थंडीतसुद्धा थोडं पाणी पातळच राहतं, म्हणून चमचा आत शिरतो. आता मी साखर पुरेशी घालते आणि बाबांना चहाच्या बशीत दोन फोडी देते. त्यांना तेवढ्यात पुरतं. आणखी एक, गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, म्हणजे गोठल्यावर बरोबर लागतं.

पेढ्यांचं सगळ्यात सोपं. सहा-सात पेढे हाताने कुस्कर, पाव लिटर गरम दुधात घालून मंद आचेवर ढवळत राहा, गाठी राहू देऊ नकोस. पेढ्यात खवा आणि साखर आधीच आहे, त्यामुळे वरून साखर घालायच्या आधी चाखून बघ. पातळ वाटलं तर ब्रेडची एक स्लाइस, कडा काढून, दुधात भिजवून मिक्सरमधून काढ आणि त्यात मिसळ. ब्रेडमधलं पीठ पाणी धरून ठेवतं. आपल्याकडे आलेल्या एका पाहुणीने मला विचारलं होतं, ह्यात खवा किती घातलात? खवा चिमूटभरही नव्हता, शिळी स्लाइस होती.

केळ्यांना तर दूधही नको. साल काढून चकत्या कर, ताटलीत एकमेकांना न चिकटतील अशा मांडून चार-पाच तास गोठव, मग मिक्सरमध्ये घाल. इथे धीर धर. पहिल्यांदा त्याचा नुसता भुगा होतो, भांड्याच्या कडेला उडून बसतो, आणि आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. मिक्सर थांबव, चमच्याने कडा खरवड, दोन चमचे दूध घाल, पुन्हा फिरव. भुग्याचे गोळे होतात, मिक्सरचा आवाज जड होतो, आणि मग एकाएकी तो आवाज बदलतो आणि आत लोण्यासारखा गोळा फिरू लागतो. तो क्षण मला अजून आवडतो. केळी जितकी काळी तितकी गोड, म्हणून साखर लागत नाही. वर जायफळ किसून घाल आणि लगेच खा, हे ठेवायचं काम नाही.

आमरसाची कुल्फी मात्र सावकाश सांगते, कारण तीच तुला सगळ्यात आवडते. अर्धा लिटर म्हशीचं दूध निम्मं होईपर्यंत आटव. कडेला जमणारी साय पुन्हा पुन्हा दुधात ढकल, तिच्यामुळेच दाणेदारपणा येतो. पाच चमचे साखर, वेलची, आणि मग गॅस बंद. आता दूध पूर्ण गार होऊ दे, नुसतं कोमट झालं तरी थांब. आंब्याला थोडी आंबट बाजू असते, गरम दुधात रस घातला की ते फाटतं. माझं एकदा फाटलं होतं, पुरणपोळीच्या पंगतीला पाहुणे दारात असताना. गार झाल्यावर दोन वाट्या आमरस घाल, रवीने हलकेच एकजीव कर. इथे मे महिन्यात बाजारात बदाम आणि केसर असतो, नंतर लंगडा येतो. लंगड्याचा रस असेल तर साखर चमचाभर वाढव.

तुझ्या फ्रिजला एकच दार आहे, वरचा कप्पा छोटा. त्यात उणे अठरापर्यंत थंडी उतरत नाही. म्हणून खोल प्लास्टिकच्या डब्यात ओतू नकोस, पसरट स्टीलचा डबा मागच्या भिंतीला टेकवून ठेव. स्टीलमधून थंडी लवकर आत जाते, आणि जितकं लवकर गोठेल तितके खडे बारीक. झाकणाच्या आत पृष्ठभागाला चिकटवून पातळ प्लास्टिक लाव, नाहीतर वर हिमाचा थर धरतो आणि फ्रिजमधल्या कांद्याचा वासही लागतो. पहिले तीन तास दर पाऊण तासाने काट्याने ढवळ. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नकोस.

गुलाबजामचा पाक उरतो तोही फेकायचा नाही. चक्का टांगल्यावर जी निवळी खाली पातेल्यात जमते, ती दीड वाटी घे, त्यात एक वाटी पाक आणि अर्ध्या लिंबाचा रस. गोठताना दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहा, भुरभुरीत बर्फ होतो. केशर-वेलची पाकात आधीच असते. भर दुपारी ह्याच्यासारखं गार काही नाही.

माझ्या माहेरी, राजवाड्याजवळच्या वाड्यात, फ्रिज नव्हता. आजोबा सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणत, ओट्यावर मोगरीने फोडत. लाकडी पॉटच्या मधल्या डब्यात उरलेली बासुंदी, भोवती तीन भाग बर्फ आणि एक भाग जाडं मीठ. मिठाने बर्फ वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता खेचून घेतो, उणे एकवीस अंशांपर्यंत खाली जाऊ शकतो, आत्ताच्या फ्रिजरहून गार. आम्ही भावंडं पाळीपाळीने दांडा फिरवायचो. सुरुवातीला तो हलका असायचा आणि बर्फ खडखडायचा. पंचवीस-तीस मिनिटांनी दांडा हाताला जड लागू लागला की आजी आतूनच ओरडायची, "झालं, थांबा!" ती कधी झाकण उघडून बघत नसे, आवाजावरून ओळखायची. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेला तिने कणीक लावलेली असायची. मग अंधार पडल्यावर, माळव्याची ती गार रात्र उतरली की, गच्चीत द्रोणांतून वाटप. बाबा तुला रात्री अकराला सराफ्यात कुल्फी खायला न्यायचे ना, सोन्याचांदीच्या दुकानांच्या बंद फळ्यांसमोर? मला तिथे गेलं की दर वेळी ती गच्ची आठवते.

आजीचे अॅल्युमिनिअमचे निमुळते साचे मी माळ्यावरून काढून चिंचेने घासले आहेत. बारा होते, अकरा सापडले. त्यातले सहा तुला पाठवते, पाच इथे राहू देत, तू दिवाळीला येशील तेव्हा लागतील. काठोकाठ भरू नकोस, गोठताना फुगतं, बोटभर जागा सोड. काढताना साचा दोन्ही तळव्यांत धरून फिरव, नळाखाली धरायची गरज नाही. एका साच्याचं झाकण सैल आहे, त्याला कणकेची कड लाव.

तुझी,
आई