'गर्ल, वुमन, अदर' मला का आवडली नाही : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

ब्रिटिश लेखिका बर्नार्डिन एव्हरिस्टो यांची 'गर्ल, वुमन, अदर' ही कादंबरी वाचून झाली की सविस्तर लिही, असे तुम्ही दोघांनी कळवले होते. कादंबरी वाचून झाली आहे आणि ती मला आवडली नाही. तुम्हाला ती मनापासून आवडली आहे हे ठाऊक असल्यामुळे फोनवर दोन वाक्यांत तसे सांगून मोकळे होणे मला बरे वाटेना. ज्या पुस्तकावर तुम्ही या वयात इतका जीव लावलात, त्याविषयीची नावड कारणांसकट मांडली पाहिजे, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचे म्हणणे आईने मला सांगितले आहे. ज्या स्त्रियांना इंग्रजी कादंबरीने आजवर दाराबाहेर उभे ठेवले त्यांना आत्ता कुठे घरात जागा मिळते आहे, अशा वेळी भिंतींचा रंग नीट लागला नाही अशी तक्रार कोणी करू नये, असे तुमचे मत आहे. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. बुकर पारितोषिक १९६९ पासून दिले जाते आणि ते एका कृष्णवर्णीय स्त्रीला मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. तेही निम्मेच मिळाले. १९९२ मध्ये पारितोषिक दोघांत विभागले गेल्यानंतर पुन्हा तसे करू नये असा नियम झाला होता. तो परीक्षकांनी बाजूला ठेवला आणि मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द टेस्टामेंट्स' या कादंबरीबरोबर हे पारितोषिक वाटून दिले, म्हणजे ५० हजार पौंडांची रक्कमही दोघींत वाटली गेली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा जो मान मिळायचा तो अर्धा करून द्यावा, याचा मला आजही राग येतो. पुढच्या वर्षी ही कादंबरी स्त्रियांनी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठीच्या विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीतही होती. तेव्हा तिला मिळालेल्या मानाला माझी हरकत आहे असे कृपा करून समजू नका. माझी हरकत पानांवर जे लिहिले आहे त्याला आहे, आणि ती मी कादंबरीतल्या या बारा स्त्रियांच्या बाजूने घेते आहे.

कादंबरीची रचना तुम्हाला पाठच असेल. चार भाग, प्रत्येक भागात तिघी, त्यानंतर त्यांच्यातल्या नाटककार अम्माच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतरची मेजवानी आणि शेवटी उपसंहार. सुमारे साडेचारशे पानांत बारा जणींची आयुष्ये सांगायची, म्हणजे एकेकीच्या वाट्याला पस्तीसेक पाने येतात आणि तेवढ्यात जन्म, शाळा, पहिला पुरुष किंवा पहिली मैत्रीण, नोकरी, मुले, दुरावा आणि म्हातारपण असे सगळे बसवायचे असते. परिणाम असा होतो की एखाद्या प्रसंगात आपण पाऊल टाकतो न टाकतो तोच लेखिका आपल्याला हाताला धरून पुढच्या दशकात नेते. लटिशाचेच पाहा. वडील घर सोडून निघून जातात, मुलगी बिथरते, विशी ओलांडायच्या आत तिला तीन वेगवेगळ्या पुरुषांपासून तीन मुले होतात आणि पुढे ती सुपरमार्केटमध्ये पर्यवेक्षक होते. यातल्या एकेका गोष्टीवर चांगला लेखक शंभर पाने खर्च करील. पहिले मूल मांडीवर असताना दुसऱ्याची चाहूल लागली त्या दिवशी ही मुलगी खोलीत एकटी बसून काय करत होती, हे मला पाहायचे होते. मला मिळाला तो तिच्या आयुष्याचा गोषवारा.

गोषवाऱ्याचा मोठा तोटा असा की त्यात मत आधी येते आणि माणूस मागाहून. कोणत्या स्त्रीविषयी मी काय वाटून घ्यायचे हे निवेदनाच्या सुरातच ठरलेले असते. अम्माची मुलगी याझ हिच्या प्रकरणात विद्यापीठातल्या मैत्रिणी कोणाला किती विशेषाधिकार आहे यावर वाद घालतात, आणि शेतकरी कुटुंबातली गोरी कोर्टनी याझला रोक्सेन गे या अमेरिकी लेखिकेचा दाखला देऊन उत्तर देते. मुद्दा खरा आहे आणि एकोणीस वर्षांच्या मुली असे बोलत नाहीत असेही मी म्हणणार नाही, कारण त्या बोलतात. पण त्या वादात कोणीही दुखावले जात नाही, कोणाचा आवाज चढत नाही, कोणी नंतर रात्री जागत नाही. दोन भूमिका एकमेकींना भेटतात आणि आपापल्या घरी जातात. पुढे-पुढे तर एखाद्या नव्या स्त्रीचे नाव शीर्षकात आले की हिच्या निमित्ताने आता कोणता प्रश्न मांडला जाणार याचा अंदाज मी बांधू लागले, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघू लागला. माणसाच्या बाबतीत असा अंदाज बरोबर यायला नको.

याला सगळ्यात ठळक अपवाद म्हणजे बमी. आई, तुझेही आवडते प्रकरण तेच आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ही लेखिका काय करू शकते ते त्यात दिसते आणि म्हणूनच उरलेल्या पुस्तकाविषयीची माझी निराशा वाढते. नायजर नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशात बेकायदा तेल शुद्ध करताना झालेल्या स्फोटात बमीचे वडील जातात, लाकडाच्या गिरणीत राबणारी आईही पुढे जाते, ही पोर गणित शिकते आणि पदवी घेऊन लंडनला येते, तर तिथे तिच्या पदवीला कोणी विचारत नाही. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला तिचा नवरा टॅक्सी चालवतो आणि टॅक्सी चालवतानाच हृदयविकाराने मरतो. ती दुसऱ्यांची घरे-कार्यालये झाडते-पुसते, आणि मग स्वतःची सफाईची कंपनी काढण्यासाठी लागणारे पैसे ज्याच्याकडून ती मिळवते त्या धर्मगुरूशी तिला शरीराचा सौदा करावा लागतो. इथे लेखिका कोणतेही भाष्य करत नाही. बमी स्वतःला अपराधी मानते, तरी पैसे घेते, कंपनी काढते आणि ती चालवून दाखवते. मुलगी कॅरोल ऑक्सफर्डला जाऊन वेगळ्याच उच्चारांत बोलू लागते तेव्हा ज्या यशासाठी आपण एवढे केले तेच यश आपली लेक आपल्यापासून तोडते आहे, हे बमीला कळते आणि ते कोणापाशी बोलताही येत नाही. गणिताची आवड असलेली बाई म्हणून ती जगाकडे ज्या रीतीने पाहते, हिशेब मांडते, ते तिचे एकटीचे आहे. तिचे पान उघडावे आणि नाव झाकावे, तरी ती बमीच आहे हे ओळखता येईल. अम्मा, याझ, शर्ली आणि मेगन यांच्या बाबतीत मला तसे म्हणता येत नाही. त्यांचा तपशील वेगळा असला तरी आवाज एकच आहे, आणि तो लेखिकेचा आहे.

आता पूर्णविरामांविषयी. वाक्य संपले तरी पूर्णविराम नाही, वाक्याच्या आरंभी मोठे अक्षर नाही, ओळी मुक्तछंदासारख्या तोडलेल्या. या लेखनपद्धतीचे बाबांना फार कौतुक वाटले. बाबांना नीट दिसत नसल्यामुळे आई, तू ही संपूर्ण कादंबरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलीस, आणि मला वाटते की तुमच्या-माझ्या मतभेदाचे एक मूळ इथे आहे. मोठ्याने वाचणारा माणूस जिथे श्वास घेतो तिथे विराम येतो. जोर कुठे द्यायचा, कुठे थबकायचे हे तू आपल्या आवाजाने ठरवलेस, त्यामुळे बाबांनी जी कादंबरी ऐकली ती मी पानावर पाहिली त्याहून अधिक बांधेसूद होती. लेखिकेचा नाटकाशी जुना संबंध आहे, १९८२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय स्त्रियांची नाटक कंपनी उभी केली होती, तेव्हा त्यांची ओळ कानासाठी लिहिलेली असावी हे स्वाभाविक आहे. परंतु ओळ तोडली की ती आपोआप कविता होत नाही. जात्यावरच्या ओवीलाही विरामचिन्हे नसतात, पण तिला यमक असते, चरणांची मोजणी असते, दळणाऱ्या हाताची गती असते, आणि त्या बंधनामुळेच ओवीत एकही शब्द फुकट जात नाही. या कादंबरीत बंधन काढून टाकले आहे आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नाही. पुष्कळ ठिकाणी साधी माहिती देणारी गद्य वाक्ये मधेच तोडून एकाखाली एक ठेवली आहेत, इतकेच. याच लेखिकेने २००१ मध्ये 'द एम्परर्स बेब' ही रोमन काळातल्या लंडनमधली कथा दोन-दोन ओळींच्या पद्यात लिहिली होती. तिथे ओळ जिथे संपते तिथे संपण्याचे कारण असते. म्हणजे हे त्यांना येत नाही असे मुळीच नाही, आणि म्हणून मला अधिक वाईट वाटते.

अम्माची मैत्रीण डॉमिनिक हिच्या प्रकरणाविषयी एवढेच सांगते की ते मला चांगले वाटले. न्झिंगा या आपल्या प्रेयसीच्या मागोमाग ती अमेरिकेत स्त्रियांच्या वसाहतीत जाते आणि प्रेमाच्या नावाखाली तिचे नाव, तिचे मित्र, तिचे खाणेपिणे एकेक करून हिरावले जाते. पुरुष नसलेल्या घरातही जुलूम होऊ शकतो हे सांगायला धैर्य लागते. शिवाय हे प्रकरण मुख्यतः एकाच नात्यापाशी थांबते, त्यामुळे भीती वाढत जाताना आपल्याला दिसते.

माझा सगळ्यात गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे आणि तिथेच बाबांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी जपून लिहिते. पेनेलपी ही शिक्षिका स्वतःला स्त्रीवादी म्हणवते, पण शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांविषयी तिच्या मनात अढी आहे आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांकडे पाहण्याची तिची नजरही स्वच्छ नाही. आपण दत्तक आहोत हे तिला सोळाव्या वर्षी कळले आहे. अखेरीस म्हातारपणी ती डीएनए चाचणी करते, आपल्या रक्तात आफ्रिकेचा अंश आहे हे तिला समजते, आणि उत्तर इंग्लंडमधल्या शेतावर राहणारी हॅटी हीच आपली जन्मदाती असल्याचे कळून ती तिला भेटायला जाते. हॅटीच्या बाजूने पाहिले तर हा प्रसंग विलक्षण आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल वडिलांनी काढून नेले आणि त्याविषयी आयुष्यभर अवाक्षर काढायचे नाही, हे ओझे तिने वाहिलेले आहे. मात्र पेनेलपीच्या बाजूने पाहिले की मला तो प्रसंग पटत नाही. जन्मभर जपलेला पूर्वग्रह रक्ताच्या चाचणीने विरघळावा, ज्यांना परके मानले ते नात्याचे निघाले म्हणून ते आपले वाटावेत, यात कोणते परिवर्तन आहे? शाळेत शिकवताना, किंवा बमी तिच्या घराची सफाई करायला येत होती तेव्हा, आपण कसे वागतो आहोत हे तिला कळले असते तर तो बदल तिने कमावलेला ठरला असता. ते घडण्याची संधी कादंबरीने तिला दिली होती आणि नंतर ती वाया घालवली.

योगायोगांचे असेच आहे. शर्ली अम्माची शाळेपासूनची मैत्रीण, तीच कॅरोलची शिक्षिका, कॅरोलची आई पेनेलपीच्या घरी सफाई करणारी, आणि मेजवानीत पुष्कळशी माणसे एकत्र. धागे जुळावेत याचा वाचकाला आनंद होतो हे मला मान्य आहे, पण लंडनसारख्या अफाट शहरात प्रत्येक धागा जुळला की ते शहर लहान वाटू लागते आणि त्या स्त्रियांचे एकटेपणही कमी खरे वाटू लागते.

बाबा, 'पहिल्यांदा आले' एवढ्यावर ज्या पुस्तकाचे मोल ठरते त्याचे मोल दुसरे तसे पुस्तक आले की कमी होते. ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांची, आपल्या पोराबाळांवर मनातून चिडलेली, शेत कोणाच्या हाती सोपवावे याचा विचार करणारी हॅटी मला इतकी जवळची वाटली की तिच्यासाठी मला संपूर्ण पुस्तक हवे होते. तिच्या सासर-माहेरचा, त्या शेताच्या मालकीमागे गुलामांच्या व्यापाराचा पैसा होता या गोष्टीचा, तिची आई ग्रेस बाळंतपणानंतर ज्या काळोखात बुडाली त्याचा, असा सगळा मजकूर तिथे आहे. तो घाईने सांगितला आहे. ही तक्रार भिंतीच्या रंगाची नाही. या स्त्रियांना घरात घेतले पण बसायला सांगितले नाही, अशी माझी तक्रार आहे. समीक्षकांनी अशा पुस्तकाला केवळ त्याच्या विषयासाठी सांभाळून घेतले, तर त्या स्त्रियांकडून वाङ्मय म्हणून आपली काही अपेक्षाच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला अपमानकारक वाटतो.

आई, शर्लीची आई विन्सम हिच्याविषयी तुझे मत मला हवे आहे. आयुष्यभर मन मारून नवऱ्याबरोबर राहिलेली बाई जावयाच्या प्रेमात पडते आणि त्या दिवसांची आठवण बार्बाडोसमध्ये म्हातारपणी जपते, हे तुला समजून घेता आले का, आणि आले असेल तर लेखिकेने तशी सोय केली म्हणून की तू स्वतः त्यात काही भर घातलीस म्हणून? आणि बाबा, पेनेलपीच्या भेटीत तुम्हाला जे दिसले ते मला दिसलेले नाही. ते आईकडून लिहवून घेऊन मला पाठवा. माझे मत बदलेलच असे सांगत नाही, पण तुमचे म्हणणे पुस्तक शेजारी ठेवून मी पुन्हा वाचीन.

तुमची लेक