‘ढाळ?’ एवढाच शेरा मारून माझा अर्ज परत करणाऱ्या मॅडमना

स. न. वि. वि.

मॅडम, तुम्हाला मी आठवत असेन असं वाटत नाही. परवान्यांच्या खिडकीवर दिवसभर माणसं येतात, त्यातली निम्मी चिडलेली असतात. मीही त्यातलीच एक. बाथरूमच्या नूतनीकरणाचा जो अर्ज तुम्ही दोनदा परत केलात, तो माझा. दुसऱ्यांदा परत मिळाल्यावर जाता जाता मी जे पुटपुटले ते तुमच्या कानावर गेलं नसावं, अशी अजूनही आशा आहे. पत्र उघड लिहितेय, म्हणून तुमचं नाव मुद्दाम टाळलं आहे. खाली बाटलीच्या झाकणाचा उल्लेख आला की तुमचं तुम्हाला कळेल.

खरं सांगायचं तर मी परवानगी घ्यायला येणारच नव्हते. आमच्या कंत्राटदाराचं म्हणणं होतं, “बाथरूमला कसली आलीय परवानगी? घरातल्या घरात तर काम आहे. तोडायला घेऊ, कुणाला कळतंय!” मला ते पटलंही होतं. अडलं ते प्लंबरपाशी. कमोडची जागा बदलायची आहे म्हटल्यावर त्याने हत्यारांची पिशवी पुन्हा खांद्याला लावली. “कागद दाखवा, मग हात लावतो. माझा परवाना जाईल.” त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. हे पत्र खरं तर थोडं त्याचंही आहे.

नुसत्या टाइल्स बदलायच्या, नळ बदलायचा, आहे त्याच जागी नवा कमोड बसवायचा, तर बहुतेक ठिकाणी कुणी काही विचारत नाही. सांडपाण्याची वाट हलली, भिंतीला हात लागला किंवा विजेची नवी लाइन ओढली, की प्रकरण कागदावर येतं. नेमकी रेषा जागोजागी वेगळी असते. पण मी या तिन्ही गोष्टी करणार होते, म्हणजे रेषा कुठेही असती तरी मी तिच्या पलीकडेच.

पहिला अर्ज परत आला तेव्हा शेरा होता: ‘छेद नकाशा जोडावा.’ छेद म्हणजे घर उभं कापल्यासारखं बाजूने दाखवणारा नकाशा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. कुणाकडून तरी काढून घेतला, जोडला, पुन्हा दिला. तो परत आला तेव्हा नकाशातल्या एका आडव्या पाइपाला लाल गोल केलेला आणि बाजूला एकच शब्द: ‘ढाळ?’ बाकी काही नाही. घरी येऊन मी तो शब्द सगळ्यांना दाखवला आणि सरकारी कामावर मनसोक्त तोंडसुख घेतलं.

तिसऱ्या वेळी मी भांडायचंच ठरवून आले होते. खिडकी बंद व्हायला पंधरा-वीस मिनिटं असतील. तुम्ही माझाच परत केलेला अर्ज उलटा केलात आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने एक रेघ ओढलीत. “कमोड इथून इथे न्यायचाय. अंतर?” मी म्हटलं, २.४ मीटर. “४० ला १ ढाळ धरा, म्हणजे पाइप ४० पुढे गेला की १ खाली उतरायला हवा. २४०० भागिले ४०?” साठ. “म्हणजे मुख्य पाइपाला मिळेपर्यंत ६० मिलिमीटर खाली उतरायला हवं. पाइप स्वतः ११० मिलिमीटरचा. झाले १७०. तुमच्या फरशीखाली जागा किती आहे?” माझ्याच नकाशात लिहिलेलं होतं: १५०. “मग उरलेले २० कुठे जाणार? आणि यात बेंड धरलेले नाहीत, वरचं सिमेंट धरलेलं नाही.”

मी गप्प. मग तुम्हीच सांगितलंत, “फरशी वर येणार. म्हणजे दारात पायरी होणार. नाहीतर मिस्त्री ढाळ कमी करून टाकणार आणि दर महिन्याला तुंबणार. पाणी पुढे जातं, घाण मागे राहते.”

आणि त्यानंतर तुम्ही जो प्रश्न विचारलात, तो अर्जात कुठेच नव्हता. अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात मी ‘नूतनीकरण’ एवढंच लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, “बाथरूम वापरणार कोण?”

आई. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन चालते. कमोड सरकवायचा खटाटोप त्यासाठीच तर होता, वॉकर आत वळत नाही म्हणून. तिच्यासाठी जागा करता करता मी तिच्याच दारात पायरी बांधायला निघाले होते. आर्किटेक्ट नाही, कंत्राटदार नाही, मी स्वतःही नाही, कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

तुम्ही टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलंत आणि माझ्या नकाशावर ठेवलंत. “नकाशा ५० ला १ आहे ना? मग हे झाकण साधारण ३० मिलिमीटरचं, म्हणजे दीड मीटर झालं. व्हीलचेअर वळायला एवढा गोल लागतो. आज वॉकर आहे, उद्याचं माहीत नाही. झाकण कुठे बसतंय बघा.” आणि ते झाकण तुम्ही कागदावर सरकवत राहिलात. कमोडला अडलं, बेसिनला अडलं. बेसिन पेन्सिलीने खोडून शेजारच्या भिंतीवर नेलंत, तेव्हाही अडलं, ते आत उघडणाऱ्या दाराला. “दार बाहेर उघडू द्या,” तुम्ही म्हणालात, आणि झाकण बसलं. कमोड होता तिथेच. बेसिनचा पाइप बारीक, त्याला तेवढी खोली लागत नाही, तो आहे त्या जागेत सहज उतरला.

दार बाहेर का, याचं दुसरं कारण तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. आत माणूस पडलं आणि दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. आई पडली होती ती बाथरूममध्येच, हे मी तुम्हाला तोवर सांगितलं नव्हतं. नंतरही सांगितलं नाही. आता इथे लिहिते.

तो कागद माझ्याकडे आहे. झाकणाभोवती पेन्सिल फिरवलेली असल्याने गोल किंचित मोठा झालाय आणि एका ठिकाणी बाटलीच्या पाण्याचा थेंब पडून रेघ फुगली आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. मधली अर्धी भिंत पाडायला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल, हे तुम्ही सांगितलंत. कंत्राटदाराने तर बोटाच्या पेराने टकटक करून ती भिंत ‘पोकळ’ असल्याचा निकाल कधीच दिला होता. इंजिनिअरनेही ती भार घेत नाही असंच सांगितलं, म्हणजे निकाल बरोबर निघाला. पण टकटकीवर भिंत पाडायची नसते, एवढं मलाही तोवर कळायला लागलं होतं. विजेच्या कामाला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप पुरवठा तोडणारं बटण. धरायच्या दांड्यांच्या जागा टाइल लावण्याआधी ठरवून तिथे मागे भरीव आधार घ्यायचा, आणि भिंत झाकण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवायचा. तो फोटो दांड्या बसवताना इतका कामाला आला की ड्रिलवाल्याने स्वतःसाठी मागून घेतला.

एका जाळीबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं. बेसिनच्या कोरड्या बाजूला मी नकाशात जमिनीतलं पाणी जायची एक जादा जाळी दाखवली होती, असू दे म्हणून. तुम्ही तिच्यावर काट मारलीत. मी विचारलं, एक जास्त असली तर बिघडतं कुठे? तुम्ही म्हणालात, जिथे रोज पाणी पडत नाही तिथला ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं वळण, सुकतो. ट्रॅपमधलं ते बोटभर पाणी हीच घर आणि गटार यांच्यातली एकमेव भिंत. आणि मग, खिडकी बंद करता करता, “हाँगकाँगचं अ‍ॅमॉय गार्डन्स वाचा कधीतरी.”

वाचलं. २००३ साली त्या वसाहतीत सार्सची साथ पसरली. तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली, ४२ जण दगावले. तपासात जी कारणं पुढे आली त्यात बाथरूमच्या जमिनीतले सुकलेले ट्रॅप होते. एक्झॉस्ट फॅन लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जात होती. त्या रात्री मी घरातल्या सगळ्या जाळ्यांत एकेक तांब्या पाणी ओतून आले. वाचता वाचता हेही कळलं की कमोडखाली पाइपाला एस आकाराचं वळण देण्याचं पेटंट १७७५ मध्ये एका घड्याळजीने घेतलं, अलेक्झांडर कमिंग त्याचं नाव. आई म्हणाली, बरोबर आहे, बारीक कामाची सवय असणार त्याला.

आता पाण्याची चाचणी. तिच्यासाठी तुमचे आभार मानायला एक अख्खं पत्र पुरणार नाही, पण आटपते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी पाणी भरून २४ तास ठेवायचं, ही अट परवान्यातच होती. कंत्राटदार म्हणाला, एवढं कोण करतं. मी केलं, कारण चाचणी झाल्याशिवाय तपासणीला येणारे सर सही करणार नव्हते. जाळीचं तोंड बुच लावून बंद केलं, ५० मिलिमीटर पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून त्याच खोलीत पाण्याची बादलीही ठेवली आणि तिच्यात आतून खूण केली. ती बादली कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खुणेच्या ६ मिलिमीटर खाली पाणी होतं. कंत्राटदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, “वाफ झाली.”

मी बादलीकडे बघितलं. बादलीतलं पाणी खुणेपासून जेमतेम केसभर हललं होतं. एकाच खोलीत, एकाच हवेत, एका पाण्याची वाफ होते आणि दुसऱ्याची होत नाही, असं कसं? मी काही बोलले नाही, बादली फक्त त्याच्यापुढे सरकवली. त्यानेही पुढे काही वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. खोली तीन चौरस मीटरची. सहा मिलिमीटर म्हणजे अठरा लिटर. ती बादलीसुद्धा साधारण तेवढ्याच पाण्याची होती. एका दिवसात एक बादली पाणी माझ्या फरशीतून कुठेतरी गेलं होतं, आणि ‘कुठेतरी’ म्हणजे खालच्यांचं छत, दुसरं कुठे जाणार.

गळती जाळीच्या गळ्याशी निघाली, वॉटरप्रूफिंगचा थर जिथे पाइपाला मिळतो तिथे. नखाएवढी फट. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला, वाळू दिला, पुन्हा पाणी भरलं. या वेळी भिंत आणि बादली बरोबरीने उतरली. सरांनी दोन्ही खुणा वाकून पाहिल्या, ओल्या बोटाने कागद धरू नये म्हणून हात पँटला पुसला आणि सही केली. टाइल लागल्यानंतर हे ध्यानात आलं असतं तर सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं. ध्यानात आणूनही दिलं असतं ते खालच्यांनी, छताचे पोपडे हातात घेऊन.

आभाराच्या पत्रात तक्रार लिहू नये म्हणतात, पण एक लिहिते. ‘ढाळ?’ या एका शब्दापायी माझे तीन आठवडे गेले. ज्याला ढाळ माहीत आहे त्याला तो शब्द पुरतो. ज्याला माहीत नाही त्याला तो अडवणूक वाटतो. तुम्ही वीस मिनिटांत पेन्सिलीने जे समजावलंत ते पहिल्याच दिवशी खिडकीच्या काचेवर लावलेलं असतं, एक नमुना छेद, ढाळाचं एक उदाहरण आणि दीड मीटरचा एक गोल, तर माझ्यासारख्या किती जणांचे हेलपाटे वाचतील! माझ्याकडच्या कागदाची स्वच्छ प्रत काढून सोबत पाठवते आहे. वरिष्ठांनी परवानगी दिली तर लावा. (छेद नकाशा जोडला आहे.)

पूर्णत्वाचा दाखला मिळाला. आई गेला महिनाभर नवं बाथरूम वापरते आहे, वॉकरसकट आत जाते आणि वळून बाहेर येते. तुम्हाला तिचा निरोप आहे. दार बाहेर उघडायला लागल्यापासून दारामागच्या खुंटीवरचा टॉवेल आतून हाताला येत नाही. एवढा विचार केलात तर टॉवेलचा का नाही केलात, असं ती विचारते. नवी खुंटी कुठे मारावी यावर घरात अजून एकमत नाही. भिंतीला भोक परवान्याशिवाय पाडता येतं ना, याची मात्र तिने माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली.

आपली,
दोनदा परत गेलेली अर्जदार