कुकी एक्स्चेंजचा बेत : अनघाला पत्र

८ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनघा,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी कुकी एक्स्चेंज करायचं, म्हणजे प्रत्येक घराने एका प्रकारच्या कुकीज करून आणायच्या आणि अदलाबदल करून सगळ्या प्रकारच्या थोड्या थोड्या घरी न्यायच्या, हे मनावर घेतलंस, फार छान! तू पाककृती विचारल्या आहेस, त्या पुढे देतेच. पण आधी कागद-पेन घेऊन हिशेबाला बस. अशा पार्ट्या भट्टीपाशी कमी आणि आकड्यांत जास्त फसतात.

आठ कुटुंबं धर. प्रत्येकाने प्रत्येक घरासाठी ६ कुकीज आणायच्या, म्हणजे ४८. स्वतःच्या घराचं पाकीटही यातच आलं. चाखायच्या ताटासाठी आठेक आणि थोडी मोडतोड धरून निमंत्रणात सरळ '५ डझन' लिही. नेहमीच्या कृतीत अडीच-तीन डझन होतात, म्हणजे दोन घाणे. नोकरी करून माणूस एवढंच करू शकतो. बारा कुटुंबं बोलावलीस तर घरटी ६ चा आग्रह सोड, ४ वर ये. बेरीज पुन्हा ४८च होते. सात-आठ डझन मागितले की लोक दुकानातला डबा उचलून आणतात, आणि मग अदलाबदल कसली?

तारीख १३ डिसेंबर, शनिवार, दुपारी २ ते ४ ठेव. जेवणं झालेली असतात आणि साडेचारला अंधार पडायच्या आत सगळे घरी. थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला आहे, तेव्हा निमंत्रण त्याच्या आधी जाऊ दे आणि सोबत एक गूगल शीट पाठव: कुटुंब, कुकीचं नाव, त्यात काय काय आहे. नाव आधी लिहील त्याची कुकी पक्की. नाहीतर आठांतल्या पाच जणी चॉकलेट चिप घेऊन येतील. क्रीम चीज किंवा कस्टर्ड भरलेलं काही नको हेही लिही. ते दोन तासांहून जास्त बाहेर ठेवता येत नाही.

'काय काय आहे' हा रकाना मात्र कटाक्षाने भरून घे. अमेरिकेत वेष्टनावर नऊ ॲलर्जीकारक पदार्थ छापावे लागतात (२०२३ पासून तीळही त्यात आले), पण घरच्या डब्यावर कोण छापणार? प्रत्येक ताटापुढे एक कार्ड हवंच. कुणाच्या मुलाला शेंगदाण्याची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर ते पदार्थ सगळ्यांनाच बंद कर. वेगळं टेबल मांडून भागत नाही, चिमटे आणि हात तेच फिरतात. आपल्या लोकांची गफलत इथेच होते: नानकटाईवरचा पिस्ता आणि तोंड बदलायला ठेवलेल्या चिवड्यातले दाणे कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

शाकाहारी घरांसाठी आणखी थोडं बघावं लागतं. मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. चकचकीत स्प्रिंकल्सवर (सजावटीच्या रंगीत साखरदाण्यांवर) 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाख, म्हणजे किड्यांचा स्राव, आणि लाल रंगात 'कार्माइन' दिसलं तर तो किड्यापासून काढलेला रंग. डिसेंबरात मार्गशीर्षही असतो, त्यामुळे एरवी अंडं खाणारे काहीजणही नको म्हणतात. आठांतल्या निदान तीन कुकीज बिनअंड्याच्या असू देत. नानकटाई तर हवीच: टिकते, प्रवासात फारशी मोडत नाही आणि अंडं न खाणाऱ्यांनाही चालते. फक्त गरम असताना ट्रेवरून उचलायची नाही, भुगा होतो.

मुलांना सजवायला साध्या शुगर कुकीज तू कर. माणशी ३ धरल्या तर १४ मुलांना ४२. दोन घाणे पुरतात. एका घाण्याला ३ कप मैदा (३७५ ग्रॅम), १ कप बटर (दोन कांड्या, २२६ ग्रॅम), १ कप साखर, १ अंडं किंवा त्याऐवजी ३ मोठे चमचे दूध, चमचाभर व्हॅनिला, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर घालू नकोस, चांदणीचे कोन फुगून बोथट होतात. मैदा शक्यतो वजनावर घे. कप पिशवीत खुपसून भरला तर एकेका कपाला २५-३० ग्रॅम जास्त येतो आणि कणीक लाटताना चिरते. मळल्याबरोबर, मऊ असतानाच, दोन पार्चमेंट कागदांमध्ये पाव इंच जाड लाट आणि कागदासकट ४० मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. आधी थंड करून मग लाटायला गेलीस तर हात दुखतात. कापून ३५०° फॅरनहाइटला ९ ते ११ मिनिटं. कडेला जेमतेम रंग आला की बाहेर. दुसरा घाणा गरम ट्रेवर ठेवू नकोस, ओव्हनमध्ये जायच्या आतच बटर वितळून कुकीज पसरतात.

या कुकीज दोन आठवडे आधी करून फ्रीझरमध्ये टाकता येतात. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नकोस. आतलं घरातल्या तापमानाला येऊ दे, म्हणजे पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला सुटतं, कुकीवर नाही.

आयसिंग कच्च्या अंड्याचं नको. १ कप चाळलेल्या पिठीसाखरेला २ छोटे चमचे दूध आणि २ छोटे चमचे कॉर्न सिरप. असे चार-पाच कप लागतील. रंग जेलचा घे, पातळ रंगाने आयसिंग वाहतं. चमचा उचलल्यावर पडलेली धार दहा-पंधरा सेकंदांत सपाट झाली पाहिजे. झिपलॉक पिशवीत भरून वरून रबरबँड लाव आणि कोपरा २ मिलिमीटर काप. आया मोठं भोक पाडून ठेवतात, मग पहिल्याच दाबाला निम्मी पिशवी कुकीवर! प्रत्येक मुलापुढे कडा असलेला ट्रे ठेव, स्प्रिंकल्स त्यातच राहतात. मुलं बोटं चाटणारच, म्हणून सजवलेल्या कुकीज ज्याच्या त्याने घरी न्यायच्या, अदलाबदलीत घालायच्या नाहीत. हे आयसिंग वाळायला काही तास घेतं. कागदी ताटलीत एकच थर, वर काही नाही. कच्ची कणीक मात्र कुणालाही चाखू देऊ नकोस, बिनअंड्याची असली तरी. कच्च्या मैद्यातूनही जंतू जातात.

आता खुद्द अदलाबदल. सुट्या कुकीज ताटात मांडून "सहा-सहा घ्या" म्हटलंस तर पहिली चार मुलं चॉकलेटवाल्या संपवतील आणि शेवटच्या कुटुंबाला ओटमील उरेल. त्यापेक्षा सगळ्यांना घरूनच सहा-सहाची ८ पाकिटं बांधून आणायला सांग. मग पाच वर्षांचं पोरसुद्धा टेबलाभोवती फिरून प्रत्येक ढिगातलं एकच पाकीट उचलतं. पाकिटांमुळे कुरकुरीत कुकीज मऊ कुकीजच्या ओलाव्याने सादळत नाहीत आणि पेपरमिंटचा वास नानकटाईला लागत नाही. सजावट आधी, अदलाबदल शेवटी, कोट घालायच्या वेळी. मधल्या वेळात पाकिटं फुटतात.

गोडाचा मारा फार होतो, तेव्हा गाजराच्या काड्या, चीज आणि बिनदाण्याचा चिवडा ठेव. मोठे डबे आपापले आणायला सांग, तरी दोघं-तिघं विसरतातच. चार फॉइलचे ट्रे जास्तीचे आणून ठेव.

शीट तयार झाली की मला पाठव, ॲलर्जीचा रकाना मी एकदा नजरेखालून घालते. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मेधा