काटा चारशेवर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, आणि मग लाइनच गेली. बोटीवर तुझ्या जागी रिलिव्हर मिळाला नाही म्हणून तुला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नकोस. १९७३ साली मी जन्मले तेव्हा आबा समुद्रावर होते. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार महिन्यांची होते आणि त्यांची दाढी बघून भोकाड पसरलं होतं म्हणे. बोटीवर अडकणं हा आपल्या घरात गुन्हा धरत नाहीत.

आबांचे दिवस नीट पार पडले. अस्थी मामाने तारकर्लीला सोडल्या. आजी बरी आहे. जेवते, फक्त रविवारी पहाटे पाचला उठून चहा टाकते आणि मग कप एकच का घेतला नाही म्हणून स्वतःवरच चिडते. आबांची गोल्फची बॅग अजून दारामागेच आहे. तिला आजी आयुष्यभर ‘माझी सवत’ म्हणाली. आता मात्र रोज फडक्याने पुसते.

तू इंजिनवाला, म्हणून एक गोष्ट तुलाच सांगावीशी वाटते. तुला ती तुकड्यातुकड्यांनी माहीत असेल, मला गेल्या वर्षी सलग कळली. बाल्कनीत कपड्यांची दोरी बांधताना त्यांनी सांगितली. (ती गाठ अजून आहे, खलाशांची बोलाइन. मी सोडत नाही, धुणं तिच्यावरच वाळतं.)

आबा सोळाव्या वर्षी मालवणहून निघून लोणावळ्याला नौदलाच्या ‘शिवाजी’ या प्रशिक्षण केंद्रावर अप्रेंटिस म्हणून गेले आणि पुढे इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिनाचे कारागीर, होऊन विक्रांत या युद्धनौकेवर आले. १९७० साली विक्रांतच्या बॉयलरांच्या वॉटर ड्रमना तडे गेलेले दिसले. वेल्डिंगने भागण्यातले नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून मागवले, पण ते हाती येण्याआधीच युद्ध दाराशी आलं. मग ठरलं, दाब चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही. वेग उतरला १४ नॉटवर. विमानवाहू बोट, जिला विमानं उडवायला समोरून वारा लागतो, ती अशी रांगत बंगालच्या उपसागरात गेली. वरचे वैमानिक वारा नाही म्हणून वैतागायचे आणि खालचे हे सगळे काट्याकडे डोळे लावून बसायचे.

४ डिसेंबर १९७१ ला सकाळी सी हॉक विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्सबझारवर हल्ल्याला गेली. आबांनी त्यातलं एकही उडताना पाहिलं नाही. ते खाली बॉयलरपाशी होते, अंगावर घामाने चिकटलेला डांगरी. पण विमान पुढे फेकणारा कॅटपल्ट बॉयलरच्या वाफेवर चालायचा. विमान सुटलं की वरून दणका यायचा आणि काटा जरा लचकायचा. “एक लचका, एक विमान,” आबा म्हणाले, “आठ मोजले. मग परतीचे दणके मोजत बसलो. तेही आठ झाले तेव्हा पाणी प्यायलो.” एवढंच. मग माझ्या हातातली दोरी घेऊन म्हणाले, “ही सैल बांधतेस तू.”

‘काटा चारशेवर ठेव’ हे वाक्य कुठून आलं ते आता कळलं ना? तुझ्या बारावीच्या गणिताच्या पेपरला ते हेच म्हणाले होते आणि तू म्हणाला होतास, मार्क तर शंभरातून असतात.

गोल्फ त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आला. खलाशी असताना गोल्फचा संबंध कुठला? खलाशांतून बढती देणाऱ्या एसडी लिस्टमधून ऑफिसर झाले, विशाखापट्टणमला बदली झाली, आणि तिथे समुद्राकाठच्या कोर्सवर कोणीतरी हातात सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची एक काठी, दिला. वय चाळिशीच्या आसपास. पहिले सहा महिने नुसती माती उडाली. घरून शिकून आलेले ऑफिसर हसायचे. मग म्हणे एके दिवशी जोर लावणं सोडलं आणि चेंडू सरळ गेला. खारघरच्या कोर्सवर नव्या पोरांना शिकवताना मी त्यांना ऐकलंय: “जोर कित्याक लावतस? लोखंड आपलं काम करता.”

मी मात्र या खेळावर बरीच वर्षं रुसलेली होते, हेही लिहून टाकते. दहा दहा महिने माणूस बोटीवर, आणि घरी आला की रविवार सकाळ त्या हिरवळीला. १९९७ ला माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पहाटे कुलाब्याला नऊ होल खेळून आले. मुहूर्त अकराचा. कन्यादानाला बसले तेव्हा मोज्याला गवताच्या कुसळी चिकटलेल्या होत्या आणि एक मला टोचत होती. त्याच वर्षी ३१ जानेवारीला विक्रांत निवृत्त झाली होती. दोन पोरी एका वर्षात सासरी गेल्या, असं ते सगळ्यांना सांगत. मला तेव्हा राग यायचा, बोटीच्या जोडीला बसवल्याचा. पुढे कफ परेडला ती म्युझियम झाली तेव्हा तुला खांद्यावर घेऊन गेले होते. आणि २०१४ ला दारूखान्याला तिला तोडायला घेतलं, तेव्हा टॅक्सी त्या बाजूने न्यायची नाही म्हणून ड्रायव्हरशी भांडले.

एक दिवस मात्र ते कधीच खेळायला गेले नाहीत. ९ डिसेंबर. शिवाजीवरचा त्यांचा बाकावरचा सोबती ७१ च्या युद्धात खुकरी या युद्धनौकेवर होता. दीवजवळ ती बुडाली त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्या दिवशी आबा घरीच असायचे, बूट पॉलिश करत. सगळ्यांचे बूट. मी शाळेत असताना मला वाटायचं, ९ डिसेंबर हा बूट पॉलिशचा दिवस असतो.

आता चौकडीचं सांगते. जलवायु विहारातले ते चौघं तुला ठाऊकच आहेत. एअर फोर्सवाले काका, सरदारजी काका, गुडघे बदललेले कमांडर काका आणि आबा. पाच पाच रुपयांची पैज, आणि हिशेब आबांच्या निळ्या डायरीत. स्वतःचा फटका फसला की तोही लिहायचे. शेवटच्या कार्डावर सातव्या होलसमोर ठळक ९ आहे, खोडाखोड नाही. तेराव्याला तिघं आले. कोपऱ्यात बसून श्रीखंड खाल्लं, फार कोणी बोललं नाही. मी डायरी आणून दाखवली. आबा कमांडर काकांना पंधरा रुपये देणं लागत होते. मी दहाची नोट आणि पाचचं नाणं पुढे केलं. मला वाटलं, नको नको म्हणतील, डोळे पुसतील.

त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं, पैसे मोजून खिशात टाकले, डायरीत ‘पावले’ लिहून खाली सही केली आणि तारीख घातली. मग सरदारजी काकांकडे वळून म्हणाले, “तुझे वीस राहिलेत.”

पुढच्या बंदरात रेंज आली की आजीला फोन कर, माझ्या आधी तिला.

तुझी,
आई